कुळाचं अपील कुठवर जातं

आज फवारणीचं नाही, सातबाऱ्यावर इतर हक्कात दिसणाऱ्या 'कूळ' या शब्दाचं लिहितो.

आपल्या नाशिक जिल्ह्याला मुंबईचा 1948 चा कुळकायदा. येवल्याच्या पलीकडं वैजापूरला हैदराबादचा 1950 चा, म्हणून पाहुण्याचा सल्ला इथं चालत नाही. आपल्याकडं 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनाला, कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. जमीनदार त्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेले. 1958 साली मेढी खटल्यात कोर्टानं कायदा उचलून धरला.

पण मालक मानलं म्हणजे जमीन हाती आली असं नाही. कलम 32 ग खाली तहसीलदार, म्हणजे शेतजमीन न्यायाधिकरण, कुळाला नोटीस काढून विचारायचं, घेतो का? हो म्हटलं की किंमत ठरायची, आकाराच्या 20 ते 200 पट. कूळ आलंच नाही किंवा 'नको' म्हणालं, की खरेदी निष्प्रभावी. आता बघा, ज्याच्या विहिरीचं पाणी आणि ज्याच्याकडनं उसनं बियाणं, त्याच्यादेखत 'घेतो' म्हणायचं! त्यातले किती 'नको' मनापासून होते, याचा मला तरी संशय आहे.

निकाल विरुद्ध गेला तर कलम 74 प्रमाणे कलेक्टरकडं अपील, मुदत 60 दिवस. मुदत हुकली तर आधी उशीर माफ करा म्हणून अर्ज. तो फेटाळला तर जमिनीचं कुणी ऐकतच नाही. खरं अपील इथंच संपतं. पुढं कलम 76 खाली महसूल न्यायाधिकरणाकडं फेरतपासणी होते, पण ती निकाल कायद्याविरुद्ध असला, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा सुटला किंवा कामकाजात मोठा दोष राहून अन्याय झाला, तरच. साक्षीपुरावा नव्यानं तोलत नाहीत. त्यावर हायकोर्टात घटनेच्या कलम 227 चा अर्ज. तोही हक्क नव्हे, देखरेख. आणि सुप्रीम कोर्टात तर कलम 136 खाली अपिलाची परवानगीच मागायची. जमीनदार जिथं सरळ गेले, तिथं हरलेल्या कुळाला आधी दार वाजवावं लागतं.

म्हणून तहसीलदारापुढचा तो पहिला जबाब शेवटपर्यंत मागं येतो. ज्यांच्या घरचा वाद चालू आहे, त्यांनी आधी 32 ग च्या निकालाची आणि त्या जबाबाची नक्कल काढा. 32 म चं प्रमाणपत्र पेटीत असेल तर उत्तम, खरेदीचा तो निर्णायक पुरावा. मात्र विकायच्या आधी कलम 43 वाचा.

कुणाकडं तेव्हाची नोटीस असेल तर नावं झाकून फोटो टाका.