पाटाच्या पाण्यामागं आलेल्या सासवडच्या बाया

कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर भागात एखादं घर स्वतःला 'सासवडकर माळी' म्हणवतं. पुरंदरचं सासवड इथून दोनशे किलोमीटरवर. मग ही माणसं इकडं कशी आली?

आली ती पाण्यामागं. आधी नीरा कालव्यावर त्यांनी ऊस लावून पाहिला होता. दारणा धरण 1916 मध्ये पुरं झालं, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे कालवे निघाले. 1926 मध्ये भंडारदरा झालं आणि प्रवरेचे पाटही भरून वाहू लागले. इथल्या शेतकऱ्याकडं काळी जमीन होती, पण बागायतीची सवय नव्हती. सासवडकरांकडं बागायतीचं ज्ञान होतं, जमीन नव्हती. त्यांनी जमिनी खंडानं घेतल्या. श्रीरामपूरच्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे, ते रावबहादूर नारायणराव बोरावके याच बागायतदारांपैकी.

पुस्तकात एवढं सापडतं. पण उसाचा मळा एकट्या पुरुषाच्यानं उभा राहतो का, हे तुम्हांला मी सांगायला नको.

दौंड-मनमाड रेल्वे 1878 पासूनच होती, त्यामुळं येणं तसं सोपं. राहणं अवघड. बाजरीचं रान गावठाणातून कसता येतं; उसाला बारा महिने पाणी लागतं, पाळी रात्री आली तर रात्री दारं धरायची. म्हणून घर मळ्यातच हवं. गावाबाहेर एकटी वस्ती, ना आळी ना शेजार, माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. बाळंतपणाला सुईण बोलवायची तरी अंधारात कुणाला धाडायचं? पाणी साचलं की डास, डासांमागून हिवताप.

त्यात पैशाचं गणित. आडसाली ऊस तोडायला सोळा ते अठरा महिने. तोवर बेणं, पेंड, मजुरी, खंड सगळं पदरचं किंवा उसनं. दीड वर्ष घरातलं पीठमीठ पुरवून नेणं हे काम कोणत्या हिशेबवहीत लिहितात? बांधावरची भाजी, दावणीची गाय, परड्यातली कोंबडी यांवर घर चालायचं.

मग गुऱ्हाळ. चरकाला बैल जुंपलेले, चुलवाणात चिपाडं, काहिलीत रस. मळी वर यावी म्हणून भेंडीची झाडं ठेचून त्यांचा चीक घालायचा. गुळव्याला आणि गड्यांना वेळेवर भाकरी हवी, कारण पाक कुणासाठी थांबत नाही. गुऱ्हाळ रात्री चालायचं, म्हणजे चूलही रात्री पेटलेली.

तिकडं कॅनडात तेव्हा असंच चाललं होतं. 1872 च्या कायद्यानं गवताळ माळावरची 160 एकर जमीन दहा डॉलर फीवर कसणाऱ्याला मिळे. नवऱ्याबरोबर माळ फोडणाऱ्या बायकोला मात्र स्वतःच्या नावानं ती मागता येत नसे. मुख्यतः लहान मुलं पदरी असलेल्या विधवेलाच ती मागता येई. आपल्याकडं असा कायदा नव्हता, पण करार व्हायचे ते पुरुषांच्याच नावावर.

आणि इथल्या मूळच्या बाईचं काय? नवऱ्यानं जमीन खंडानं दिली, खंडाचा पैसा आला आणि खर्चला. मग ती आपल्याच रानात रोजानं खुरपायला गेली असेल, तर तिला सासवडच्या बाईचं कौतुक कसं वाटावं? मला दोघींचीही बाजू खरी वाटते. पुढं इथल्या शेतकऱ्यांनीही ऊस शिकून घेतला आणि 1950 मध्ये लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला.

त्याआधीच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले होते. तेव्हा सासवडच्या माळ्यांनी 1932 मध्ये अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. काही घरांतल्या बायांनी पुन्हा बिऱ्हाड बांधलं, पुन्हा नव्या रानात चूल मांडली.

जमिनीवर बायकोचं नाव लावायला आपल्या राज्यात फार वेळ गेला. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि 1992 मध्ये सरकारनं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. आज घरी गेल्यावर उतारा काढा आणि नावांचा रकाना वाचा. आणि घरात म्हातारी आजी असेल, तर ती या रानात पहिल्यांदा आली तेव्हा इथं काय होतं, ते तिला विचारा.