कापडावरील चित्र : शिळा आणि फवारा

ज्याच्या भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती नव्हती असें जुनें मराठी घर सांपडणें कठीण. ती तैलचित्र नसून छाप होती, याचा विचार मात्र क्वचितच कोणी करी. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईस छापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं आला. एकेका रंगास स्वतंत्र शिळा, आणि सर्व रंग एकावर एक बिनचूक बसले पाहिजेत, असें तें काम. युरोपांतील ओलिओग्राफवाले तर छापलेल्या कागदावर कॅनव्हासाच्या विणीचा ठसा दाबीत व वर रोगण चढवीत. हेतु हा, कीं पाहणारास कुंचल्याचा भास व्हावा. ही लबाडीच, पण मूळ चित्र ज्यांस स्वप्नांतही परवडलें नसतें त्यांच्या घरांत तिनें चित्रकला नेली, हेंही खरें.

याच धंद्याचा दुसरा अध्याय शंभर वर्षांनीं अमेरिकेंत घडला. इंग्लंडांत जन्मलेला गायक ग्रॅहम नॅश यास छायाचित्रांचा नाद होता. संगणकाच्या पडद्यावरील चित्र कागदावर उतरवावें कसें, ही त्याची अडचण. तेव्हां त्यानें १ लक्ष २६ हजार डॉलर देऊन आयरिस ३०४७ हें यंत्र घेतलें. तें कलेसाठीं नव्हतेंच. मोठी छपाई सुरू करण्यापूर्वीं रंगांचा कच्चा नमुना पाहण्यासाठीं तें केलेलें. फिरत्या दंडगोलावर कागद गुंडाळावयाचा व चार रंगांच्या शाईचे अतिसूक्ष्म थेंब त्यावर उडवावयाचे. जाड कागद आंत मावावा म्हणून नॅश व त्याचा सहकारी मॅक होलबर्ट यांनीं या यंत्रावर चक्क करवत चालविली! १९९१ सालीं कॅलिफोर्नियांत त्यांनीं ‘नॅश एडिशन्स’ उघडली. त्याच वर्षीं तेथील जॅक डुगॅन यानें ‘फवारणें’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून या छापास ‘झिक्ले’ हें नांव दिलें. (‘शाईचा फवारा’ म्हटल्यास गिऱ्हाईक बिचकलें असतें, हें उघड आहे.) पुढें कागदाच्या जागीं लेप दिलेला कॅनव्हासही चढूं लागला.

परंतु नमुन्याची शाई टिकाऊ कशास असावी? नमुना पाहावा आणि फेकून द्यावा. तीच शाई दिवाणखान्यांत गेली, तेव्हां उजेडानें कांहीं वर्षांतच रंग उडूं लागले, आणि चित्र म्हणून भारी दाम मोजणारांची फसगत झाली. सुमारे २००० सालापासून रंगद्रव्याच्या शाया प्रचारांत आल्या, तेव्हां हा दोष पुष्कळसा सरला.

एक भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ओलिओग्राफामागें कोठें तरी खरें तैलचित्र होतें. त्याची वीण हें सोंग होतें. संगणकावरच काढलेल्या चित्रास मूळ कापडच नाहीं. छापलेलें कापड हाच त्याचा पहिला देह. म्हणून त्या कापडास आम्ही खोटें म्हणणार नाहीं. खोटेपणा शिरतो तो छापावर पारदर्शक लेपाचे फराटे ओढून तो हातचा म्हणून विकतांना. प्रती किती काढल्या व शाई कोणती, हें विकत घेणारानें अवश्य विचारावें, आणि चित्रकारानेंही तें न विचारतां सांगावें.

मळवलीचा छापखाना १९७२ सालीं आगींत गेला. नॅशचें तें कापलेलें यंत्र २००५ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत आहे.