परक्याची जोखीम : व्ही. पी. पासून ऑनलाइन व्यापारापर्यंत

पश्चिम हिंदुस्थानातील जुन्या पेढ्यांच्या व्यवहारात जोखमी हुंडी या नावाचा हुंडीचा एक प्रकार प्रचलित होता. गलबतावर माल चढविणारा व्यापारी तो माल घेणाऱ्याच्या नावे हुंडी लिहीत असे. ती हुंडी विकत घेणारा सावकार पैसे आधी मोजून देई. आणि माल सुखरूप बंदरास लागला तरच त्याला आपले पैसे परत मिळत. गलबत बुडाले म्हणजे हुंडीही बुडाली. एकाच कागदात कर्ज व विमा यांची सांगड घालणाऱ्या या युक्तीचे कौतुक अनेकांनी केले आहे; परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र अगदी साधा होता. घेणारा व देणारा एकमेकांसमोर नाहीत, मध्ये अंतर आहे, तेव्हा वाटेत काही विपरीत घडल्यास ते कोणाच्या अंगावर यावे?

इ. स. १९९५ नंतर जगात इंटरनेटवरून जो व्यापार सुरू झाला त्याच्या इतिहासाकडे या प्रश्नाच्या अंगाने क्वचितच पाहिले जाते. नव्या कल्पनेमुळे, नव्या यंत्रामुळे किंवा स्वस्ताईमुळे अमुक एक कंपनी इतरांहून वेगळी ठरली, असे सांगण्याची रीत आहे. वस्तुतः कल्पना व यंत्र ही थोड्याच दिवसांत सर्वांच्या हाती येतात, आणि स्वस्ताई तर ज्याच्याजवळ भांडवल आहे त्या कोणालाही साधते. ग्राहकाच्या मनातील भीती ओळखून ती आपल्या खाती लिहून घेण्याची तयारी ज्यांनी दाखविली ते उद्योजक प्रथम उठून दिसले, असे घटनाक्रमावरून म्हणावे लागते. भारतातील उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे.

दूरविक्रीचा आधुनिक प्रारंभ अमेरिकेत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड याने केला असे सामान्यतः मानतात. शिकागो शहराच्या १८७१ च्या आगीत त्याचा पहिला साठा नष्ट झाला. तरीही १८७२ मध्ये त्याने एकपानी किंमतपत्रक काढून शेतकऱ्यांस टपालाने माल विकण्यास आरंभ केला. न पाहिलेल्या दुकानदाराला पैसे पाठवावयाचे, ही कल्पनाच त्या काळी लोकांना फसवणुकीची वाटे. १८७५ मध्ये वॉर्डने माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी जाहीर केली, आणि ती हमीच त्याच्या दुकानाची खरी ओळख झाली. रिचर्ड सिअर्स याचा व्यापार तर १८८६ मध्ये एका सराफाने नाकारलेल्या घड्याळांच्या पेटीतून उभा राहिला. नाकारलेला माल कोठे जातो हा प्रश्न दूरविक्रीच्या इतिहासात वारंवार पुढे येतो.

हिंदुस्थानात याच सुमारास टपालखात्याने त्या प्रश्नाचे आपल्या परीने उत्तर शोधले होते. इ. स. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, अर्थात मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची व्ही. पी., ही पद्धती सुरू झाली. पुस्तक, घड्याळ किंवा औषधाची बाटली पोस्टमन दारी आणी. घेणारा पैसे त्याच्या हाती देई. आणि ते पैसे मनिऑर्डरीने विक्रेत्याकडे जात. कोकणातील एखाद्या खेड्यातील वाचकाला पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाची सचोटी पारखण्याचे कारण उरले नाही. ती पारख सरकारी टपाल्याने जणू मध्ये उभे राहून अनावश्यक केली. १८९८ च्या टपाल कायद्यात या पद्धतीसाठी स्वतंत्र कलमे होती. प्रत्यक्ष मागणी आल्यावरूनच ही वस्तू पाठविली आहे, असे पाठविणाराने लिहून द्यावे असा नियम करण्याची तरतूद त्यांत होती. आणि लबाडी उघडकीस आल्यास वसूल केलेले पैसे अडवून ते घेणारास परत करण्याचीही सोय होती. कायदा घेणाराच्या बाजूने इतका जागरूक होता. देणाराला मात्र एका दुखण्यावर इलाज नव्हता : व्ही. पी. परत येणे. मागणी करून नंतर पाकीट न स्वीकारणाऱ्या वर्गणीदारांस उद्देशून जुन्या मासिकांतून ज्या विनवण्या व कानपिचक्या छापल्या जात, त्या चाळल्या असता या पद्धतीत जोखीम कोणीकडे सरकली होती हे ध्यानात येते.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही मोठ्या शहरांत इंटरनेट सामान्य ग्राहकांस खुले केले. ते टेलिफोनच्या तारेतून येई, संथ होते व महागही होते. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांस परवाने मिळेपर्यंत या सेवेचा मक्ता सरकारी कंपनीकडेच राहिला. तथापि मार्ग खुला होताच धाडस करणारे पुढे आले. अजित बालकृष्णन यांनी मुंबईत १९९६ मध्ये रेडिफ सुरू केले. बंगळूर येथे के. वैद्यीश्वरन व त्यांचे पाच सहकारी यांनी १९९९ मध्ये फॅबमार्ट काढून संगीताच्या तबकड्या व पुढे पुस्तके विकण्यास प्रारंभ केला. ऑनलाइन विक्रीस आवश्यक ती विद्युत् लेख व सही यांची कायदेशीर मान्यता माहिती तंत्रज्ञान कायद्याने ऑक्टोबर २००० मध्ये दिली. म्हणजे फॅबमार्टचे दुकान उघडले तेव्हा त्याच्या व्यवहाराला साजेसा कायदाही अस्तित्वात नव्हता. या मंडळींच्या धाडसाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ग्राहकच पुरेसे नव्हते. फॅबमार्टचे ऑनलाइन अंग पुढे इंडियाप्लाझा या नावाने चालले आणि २०१३ मध्ये, जेव्हा या व्यापाराला खरा बहर येऊ लागला होता नेमके तेव्हाच, ते बंद पडले. आधी येणे व टिकून राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याची नोंद इतिहासाला ठेवावी लागते.

जोखीम केवळ पैशाची नव्हती. मुंबईच्या बाझी या लिलावाच्या संकेतस्थळाला २००४ मध्ये ईबे या अमेरिकन कंपनीने सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, एका तिऱ्हाइताने त्या स्थळावर अश्लील चित्रफीत विक्रीस ठेवल्यावरून कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यास अटक झाली. दुकान भाड्याने देणारा भाडेकरूच्या मालाबद्दल कितपत जबाबदार, हा जुनाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. मध्यस्थास संरक्षण देणारी सुधारणा संसदेने २००८ मध्ये केली, ती २००९ च्या ऑक्टोबरपासून अंमलात आली. आणि त्या अधिकाऱ्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो २०१२ मध्ये.

आता ग्राहकाच्या बाजूकडे वळले पाहिजे. अमेरिकेत जेफ बेझोस यांनी १९९४ मध्ये ॲमेझॉनची स्थापना केली तेव्हा उद्योग बुडण्याचा संभव शेकडा ७० असल्याचे त्यांनी पहिल्या गुंतवणूकदारांना सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. परंतु त्यांच्या गिऱ्हाइकाला मात्र फारशी धास्ती नव्हती. क्रेडिट कार्डाचा गैरवापर झाल्यास कार्डधारकाचे नुकसान ५० डॉलरपलीकडे जाऊ नये अशी मर्यादा तेथील कायद्याने १९७० पासूनच घातली होती. अमेरिकन ग्राहकाची भीती ॲमेझॉनच्या जन्मापूर्वीच कायद्याने व बँकांनी आपल्या अंगावर घेतली होती, हे त्या यशाच्या वर्णनांत बहुधा सांगितले जात नाही. भारतात कार्ड मुळातच थोड्यांजवळ होते. त्यातच रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारास दुसऱ्या पडताळणीचे बंधन घातले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते रास्तच होते. पण संथ तारेवर दोन-दोन पडताळण्या पार करताना पुष्कळ व्यवहार अर्ध्यावरच तुटत, आणि पैसे गेले की राहिले या विवंचनेत ग्राहक पडे.

या परिस्थितीत फ्लिपकार्टचा उदय झाला. सचिन बन्सल व बिन्नी बन्सल हे दिल्लीच्या आय. आय. टी. चे पदवीधर ॲमेझॉनच्या बंगळूर कार्यालयातील नोकरी सोडून बाहेर पडले व २००७ च्या ऑक्टोबरात त्यांनी सुमारे ४ लाख रुपयांच्या घरच्या भांडवलावर पुस्तकविक्री सुरू केली. दोघांचे आडनाव एक असले तरी ते नातलग नव्हेत. त्यांच्याजवळ साठा नव्हता. मागणी आली म्हणजे पुस्तक वितरकाकडून मिळवावयाचे व पाठवावयाचे, असा क्रम होता. पहिली मागणी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर येथून आली, ती मायक्रोसॉफ्ट सोडून शाळा-ग्रंथालये उभारणाऱ्या जॉन वुड यांच्या पुस्तकाची. ते वितरकांकडे मिळेना, तेव्हा बंगळूरची दुकाने धुंडाळून एक प्रत मिळविण्यात आली. नफ्याचा हिशेब मांडला असता हा उद्योग वेडेपणाचा ठरेल. परंतु मागणी फिरवावयाची नाही हा निश्चय त्या एका प्रतीच्या शोधात दिसतो. पुस्तकांच्या दुकानांबाहेर उभे राहून ते वाचनखुणा वाटीत. जाहिरातीस पैसा नसलेल्या उद्योजकाने आपले गिऱ्हाईक नेमके कोठे उभे आहे हे ओळखल्याचे हे चांगले उदाहरण होय.

खरे वळण आले ते २०१० मध्ये. त्या वर्षी फ्लिपकार्टने माल दारी आल्यावर रोख पैसे घेण्याची सोय सुरू केली. ही व्ही. पी. च होय, फक्त पोस्टमनच्या जागी कंपनीचा माणूस आला. फरक मात्र महत्त्वाचा होता. टपालखाते सरकारी होते, त्याच्या चाकरीचा खर्च ठरलेला होता. येथे सर्व भार विक्रेत्यावर पडला. ग्राहकाने एक पैही आधी न देता वस्तू मागवावी, ती आपल्या दारी यावी, आणि मन बदलल्यास त्याने ती नाकारावी! जाण्याचे व परत येण्याचे दोन्ही भाडे कंपनीचे. वाटेत असलेल्या मालात गुंतलेले भांडवल कंपनीचे. आणि गोळा झालेली रोकड हाताळण्याची जबाबदारीही तिचीच. रोख वसूल करून ती वेळेवर विक्रेत्याकडे पोचविणे हे सामान्य कुरिअरचे काम नव्हे. म्हणून स्वतःची वाटप-व्यवस्था उभारावी लागली, तिला पुढे ईकार्ट हे नाव मिळाले. पाठीवर पोते घेतलेला, मोटारसायकलवरून गल्लोगल्ली फिरणारा तो माणूस हीच कंपनीची पत झाली. संकेतस्थळाची नक्कल एखाद्या महिन्यात करता येते, परंतु शेकडो गावांत पत्ता शोधून रोकड मोजून आणणारी माणसे इतक्या लवकर उभी करता येत नाहीत. रोखीची सोय तर लवकरच सर्वांनी उचलली. वेगळेपण उरले ते या यंत्रणेत.

हे धाडस कोणाच्या पैशावर झाले हेही पाहणे अवश्य आहे. ४ लाखांची पुंजी कधीच संपली होती. २००९ मध्ये ॲक्सेल या गुंतवणूकसंस्थेने सुमारे १० लाख डॉलर व २०१० मध्ये टायगर ग्लोबलने सुमारे १ कोटी डॉलर घातले, तेव्हाच परत येणाऱ्या पेट्यांचा खर्च सोसण्याची ऐपत आली. ग्राहकाची भीती उद्योजकाने घेतली, आणि उद्योजकाची परदेशी भांडवलाने. जोखमी हुंडीतील सावकार येथे पुन्हा भेटतो. फक्त तो आता समुद्रापलीकडचा आहे.

हाच पेच चीनमध्ये निराळ्या रीतीने सुटला. तेथे अलीबाबाने २००३ मध्ये ताओबाओ हे स्थळ काढले, आणि ग्राहकाने भरलेले पैसे माल पसंत पडेपर्यंत मध्यस्थाकडे अडवून ठेवण्याची अलीपे ही व्यवस्था त्याच सुमारास निर्माण केली. ईबेने तेथील एक प्रस्थापित कंपनी विकत घेतली होती. तरीही २००६ च्या अखेरीस तिला आपले चिनी स्थळ बंद करावे लागले. याला ताओबाओने विक्रेत्यांकडून शुल्क न घेणे हेही मोठे कारण होते. पण अपरिचितांमधील अविश्वासावर अलीपेने जे औषध शोधले ते ईबेजवळ वेळेवर नव्हते, हे कारण त्याहून कमी लेखता येणार नाही.

भारतात पुढे जी स्पर्धा माजली ती बहुतांशी किमतीची. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने मोठ्या सवलतींचा दिवस साजरा केला. सुमारे १० तासांत १० कोटी डॉलरची विक्री झाल्याचे कंपनीने जाहीर केले, आणि संकेतस्थळ कोलमडल्याबद्दल व मागण्या रद्द झाल्याबद्दल संस्थापकांना दुसऱ्या दिवशी ग्राहकांची जाहीर क्षमा मागावी लागली. स्वस्त विकणे हे धाडस खरे, पण ते वेगळेपण नव्हे; समोर ॲमेझॉन तेच करीत होती, व तिची थैली अधिक मोठी होती. २०१८ च्या मे महिन्यात वॉलमार्टने फ्लिपकार्टचे सुमारे ७७ टक्के भाग १,६०० कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले, आणि ते वर्ष संपण्यापूर्वी दोन्ही संस्थापक कारभारातून बाहेर पडले.

मध्यंतरी जोखीम मात्र शांतपणे जागा बदलीत होती. परदेशी भांडवलाच्या कंपनीने स्वतःचा माल थेट ग्राहकास विकू नये, या सरकारी धोरणामुळे २०१३ पासून फ्लिपकार्ट हा बाजार झाला. दुकाने इतरांची, ओटा तिचा. त्यामुळे नाकारलेल्या मालाचा प्रश्न हळूहळू त्या ओट्यावर बसणाऱ्या लहान विक्रेत्याच्या हिशेबात शिरला. सुरतेच्या साडीविक्रेत्याचा किंवा आग्र्याच्या जोडेवाल्याचा माल परत येतो तेव्हा तो मळलेला, उसवलेला असू शकतो, क्वचित भलताच असतो. आणि तो कोणाच्या चुकीने, याचा निवाडा ओट्याचा मालक करतो. १८९८ च्या कायद्यात असा निवाडा करणारे टपालखाते स्वतः व्यापारी नव्हते. रोकड घेऊन फिरणारा वाटपदार तर कित्येकदा कंपनीचा नोकरही राहिला नाही; फेरीमागे पैसे घेणारा स्वतंत्र कामकरी अशी त्याची गणना होऊ लागली. अशा कामकऱ्यांची व्याख्या केंद्रीय कायद्यात प्रथम आली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर काही दिवस कंपन्यांना रोखीच्या मागण्यांवर बंधने घालावी लागली, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या यू. पी. आय. ने पैसे देणे इतके सोपे केले की दाराशी उभ्या वाटपदारालाही टेलिफोनवरूनच पैसे पोचू लागले. तरीही माल आधी पाहीन, पैसे मागाहून देईन, असे म्हणणारे ग्राहक उरलेच. त्यांच्यासाठी पेटी आजही दारापर्यंत जाते, आणि नाकारली गेल्यास तिचे परतीचे भाडे कोणाच्या तरी खाती पडते.