परमुलखातील मिशनरी दांपत्य: अक्विला व प्रिस्किल्ला

ज्युबिलीच्या प्रसंगी आम्ही देवमंदिराची बांधणी व धर्मगुरूंची परंपरा यांचे स्मरण करितो, हे योग्यच होय. परंतु ख्रिस्तसभेच्या आरंभी देवमंदिर नव्हते. श्रद्धावंतांची घरे होती. त्यांपैकी एका घराचा वृत्तांत आम्ही येथे देत आहो.

पंत प्रांतात जन्मलेला अक्विला व त्याची पत्नी प्रिस्किल्ला यांनी इ. स. ४९ च्या सुमारास रोम सोडिले. कारण क्लॉडियस बादशहाने यहुद्यांस तेथून घालविले होते. ती उभयता ग्रीस देशी करिंथ शहरात आली. राहुट्या करणे हा त्यांचा धंदा. संत पौलाचाही तोच. म्हणून तो त्यांच्याच बिऱ्हाडी राहून काम करू लागला. पुढे समुद्र ओलांडून ती इफिसास गेली. तेथे अपुल्लो नामक विद्वान वक्त्यास त्यांनी आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजाविला. इफिसात, आणि पुन्हा रोमला परतल्यावरही, त्यांच्या घरी मंडळी जमत असे. आपल्या जिवासाठी त्यांनी स्वतःची मान पुढे केली, असे पौलाने रोमकरांस लिहिले. नव्या करारात त्यांची नावे सहा वेळ येतात, ती नेहमी जोडीनेच. आणि त्यांत चार वेळ पत्नीचे नाव प्रथम आहे.

लेकरे दूर गेली, आता आमच्या हातून धर्मकार्य ते काय होणार, असे म्हणणाऱ्या वयोवृद्ध पतिपत्नींनी ८ जुलै रोजी, त्यांच्या सणास, या उभयतांचे स्मरण करावे. हातचे काम आणि उघडे दार एवढ्यावरच त्यांनी प्रभूची सेवा केली. आमच्या धर्मग्रामातील अशी दारे मिटू नयेत, हीच प्रार्थना.