एका भीतीचा इतिहास

जालना जिल्ह्यांतील पिंपळगांव रेणुकाई हें गांव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. अशा कोणत्याही बाजाराच्या गांवचा एखादा तरुण मालाबरोबर दूरच्या शहरीं जातो, एखाद्या रात्रीं संयम सुटतो, आणि घरीं परतल्यावर त्याची झोंप उडते. ‘मला तो रोग तर जडला नसेल ना?’ हें त्यास ना वडिलांस विचारतां येत, ना पत्नीस.

ही भीति नवी नव्हे. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें ‘भावप्रकाशां’त ‘फिरंग’ रोगाचें वर्णन केलें आहे. फिरंग्यांच्या संसर्गानें आलेला म्हणून त्याचें हें नांव. लोक त्यास गरमी म्हणत. उपाय पाऱ्याचा, आणि तोहि रोगाइतकाच जाचक. पुढें १९०५ सालीं या रोगाचा जंतु सांपडला, १९०६ सालीं वासरमान यांची रक्तपरीक्षा निघाली आणि १९१० सालीं एर्लिक यांचें साल्वर्सान औषध उपलब्ध झालें. शास्त्रानें उत्तर दिलें. पण प्रश्न विचारण्याची लाज कोण घालविणार?

तें काम मुंबईंत प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं अंगावर घेतलें. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हें पुस्तक त्यांनीं लिहिलें आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. वाचक खासगी शंका विचारीत, कर्वे रोखठोक उत्तरें देत. या उत्तरांबद्दलच १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीहि दंड झालाच. परंतु कर्व्यांनीं मासिक बंद केलें नाहीं.

१९८६ सालीं मद्रासेंत भारतांतील पहिले एच्.आय्.व्ही.बाधित आढळले, आणि तीच जुनी लाज नव्या नांवानें परत आली. शास्त्र मात्र थांबलें नाहीं. १९९२ सालीं पुण्यास राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधें मिळूं लागलीं. २०१७ च्या कायद्यानें रोग्याची गुप्तता राखणें बंधनकारक झालें.

आज त्या तरुणास सांगण्यासारखें पुष्कळ आहे. धोक्याच्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आंत, आणि जितक्या लवकर तितकें बरें, डॉक्टरांकडे गेल्यास २८ दिवसांच्या औषधानें लागण बहुधा टाळतां येते. ती वेळ टळली असली, तरी सरकारी केंद्रांत मोफत रक्ततपासणी होते. मात्र पहिल्याच दिवसांतील तपासणीवर विसंबूं नये. ९० दिवसांनीं पुन्हां केलेली तपासणी निर्वाळा देते. तोंवर पत्नीच्या रक्षणासाठीं निरोध वापरावा. आणि लागण निघालीच, तर नियमित औषधानें दीर्घ आयुष्य जगतां येतें.

पूर्वी भीतीस उत्तरच नव्हतें. आज तें आहे. पण तें घेण्यास दाराबाहेर पाऊल टाकावें लागतें. तें पाऊल अडविणारी लाज आपल्याच घरांत पोसली जाते. घरांतील मुलगा असा प्रश्न घेऊन आला, तर त्यास उपदेशापूर्वीं दवाखान्याची वाट दाखवावी, इतकेंच आजचें मागणें.