मळी, पाणी आणि शेवाळ

शेवाळापासून मोटारीचे इंधन काढावयाचे, असे म्हटले की सभेत हसू पिकते. पण मोहाची फुले आंबविणे ज्या मुलखाला परके नाही, त्याने तरी हसू नये. क्रिया तीच आहे. साखरेच्या पाण्यात यीस्ट सोडावे, मद्यार्क होतो. त्यातील पाणी पुरते काढले की तो पेट्रोलमध्ये मिसळता येतो. प्रश्न एवढाच की साखर आणावयाची कोठून? आणि या प्रश्नाचाच इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे.

१९३२ साली साखरधंद्याला संरक्षण मिळाले, कारखाने भराभर निघाले आणि मळीचे करावयाचे काय, ही पंचाईत पडली. तीतून संयुक्त प्रांताचा १९४० चा व हिंदुस्थान सरकारचा १९४८ चा पॉवर अल्कोहोलचा कायदा आला. इंधनाच्या ओढीपेक्षा टाकाऊची विल्हेवाट हाच त्यामागे मोठा हेतू होता! पुढे पेट्रोल मुबलक झाले, मळीला दारू व रसायनांचे गिऱ्हाईक मिळाले आणि मिश्रण मागे पडले. २००० साली संसदेने तो कायदा रद्द केला; २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण पुन्हा सुरू झाले. सरकारी स्मरणशक्तीचा हा नमुना जपून ठेवावा असा आहे.

खरा पालट २०१८ च्या जैवइंधन धोरणाने झाला. एक टन उसाच्या मळीतून सुमारे १० लिटर मद्यार्क निघतो. सगळा रसच आंबविला तर सुमारे ७० लिटर. म्हणजे टाकाऊचे इंधन होते, ते आता पिकाचेच झाले. आमच्या हिंगोली जिल्ह्यात याचा अर्थ पाणी असा होतो. सिद्धेश्वर धरण आमच्याच औंढा तालुक्यात आहे. त्याचे पाणी वसमतकडच्या उसाला जाते, आणि तेथेच पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा आहे. याच मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी झाल्यावर, सरकारलाच रसाच्या इथेनॉलवर बंधन घालावे लागले.

म्हणून शेवाळाकडे पाहावयाचे. त्याला काळी जमीन लागत नाही, सांडपाणीही चालते. अडचणी मात्र खऱ्या आहेत. लिटरभर पाण्यात ते जेमतेम काही ग्रॅम असते, ते वेगळे करण्यातच शक्ती खर्ची पडते. मग पेशीची भिंत फोडून आतील पिठाची साखर करावयाची, तेव्हा कोठे यीस्टचे काम सुरू होते. त्यामुळे हे इंधन अद्याप बाजारभावात बसलेले नाही.

तरी एक हिशेब पाहा: १८० ग्रॅम साखर आंबली की ९२ ग्रॅम मद्यार्क होतो आणि ८८ ग्रॅम कर्बवायू होतो. हा वायू शेवाळाचे अन्न आहे. प्रयोगाचे पहिले टाके नव्या कालव्यावर न बांधता एखाद्या आसवनीच्या मागे, तिच्याच वायूवर आणि शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर बांधावे, असे आमचे मत आहे.