दाताचीही नोंद हवी

आज आम्ही तुम्हाला एका बाजाराची गोष्ट सांगणार आहोत. बाजारात विकायला बायकाच, पण बाजार फार लांबचा, फ्रान्स देशातल्या पॅरिस शहरातला.

तिथे १८८५ पासून दरवर्षी मोठ्या घरच्या बायका स्वतः स्टॉलवर उभ्या राहून वस्तू विकायच्या आणि पैसे गरिबांच्या कामाला द्यायच्या. १८९७ साली बाजारासाठी लाकडी मंडप उभारला होता. आत रंगवलेल्या कापडाचा देखावा, आणि नवलाईची गोष्ट म्हणजे सिनेमा. त्या यंत्राचा दिवा ईथरवर चालायचा. ४ मे रोजी दिव्याजवळ काडी ओढली गेली आणि भडका उडाला. काही मिनिटांत सगळा मंडप पेटला. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक बायकाच.

घरचे लोक अंगठ्यांवरून, कपड्यांच्या तुकड्यांवरून आपलं माणूस शोधत होते. काही जणी मात्र कशानेच ओळखू येईनात. त्यातच आलाँसाँची डचेस होती, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची सख्खी बहीण. 'आधी बाकीच्यांना बाहेर जाऊ द्या,' म्हणत ती मागे थांबली, असं सांगतात.

तेव्हा पॅराग्वे देशाच्या वकिलाने सुचवलं, या बायकांच्या दातांच्या डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर आले. कोणता दात काढलेला, कुठे सोनं भरलेलं, ते त्यांनी ताडून पाहिलं आणि डचेसची ओळख पटली. पॅरिसमधल्या ऑस्कर आमोएदो या क्युबाच्या दंतवैद्याने पुढच्याच वर्षी, १८९८ साली, या विद्येवर पुस्तक लिहिलं.

दाताचं वरचं कवच आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. आगीत, पाण्यात, मातीत ते टिकतं. पण नुसता दात सापडून भागत नाही. तो ताडून पाहायला आधीची नोंद लागते. २००४ साली त्सुनामी आली, तेव्हा थायलंडमध्ये कितीतरी परदेशी पाहुण्यांची ओळख दातांवरून पटली. तिथल्या गावकऱ्यांच्या दातांच्या नोंदी मात्र फारशा नव्हत्या.

आता आपलं बघू. दात दुखला की आपण लवंग धरतो, मिश्री लावतो. अगदीच सोसवेना तेव्हा जाऊन उपटून येतो. कागद कुठला? गटात दहा रुपयांची बचत झाली तरी आपण वहीत लिहितो, सही घेतो. आणि स्वतःच्या शरीराची मात्र एक ओळ कुठे नाही.

म्हणून आम्ही एवढंच सांगतो, दात वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना दाखवा. दुखणं वेळीच कळेल, हा पहिला फायदा. डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे फेकू नका, बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवा. ती नोंद कामी येण्याची वेळ कुणावरच न येवो. पण आलीच, तर आपलं माणूस बेवारस म्हणून जाऊ नये.